मुंगसाने फिरवलेला शब्द

पोरांनो, पळस भरपूर आणि पाणी थोडं अशा एका जंगलात एक मुंगूस राहत असे. अंगाने एवढंसं, पण झाडपाल्याची माहिती अशी की विचारू नका. कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाचं पोट फुगलं, कुणाला विंचू चावला, की जो तो मुंगसाच्या बिळाकडे धाव घ्यायचा. मुंगूस आधी हुंगायचं, मग डोळे बारीक करून बघायचं, मग कुठलं तरी मूळ उकरून हातावर ठेवायचं. लहानथोर सगळे त्याला तात्या म्हणत.

त्या जंगलाच्या पाणवठ्यावर एक काळा, सपाट धोंडा होता. सगळ्यांच्या कामाची गोष्ट असली की धोंड्यावर चढून सांगायची, अशी तिथली रीत. आणि त्या रीतीला एक नियम जोडलेला होता. धोंड्यावरून सांगितलेला शब्द फिरवायचा नाही. जो फिरवील त्याने खाली उतरायचं आणि पुन्हा जन्मात तिथे पाय ठेवायचा नाही. नियम काही उगाच झाला नव्हता. फार वर्षांपूर्वी एका धनेश पक्ष्याने वरून सांगितलं, पाणी पूर्वेला आहे. कळप पूर्वेला निघाला. दुपारी म्हणाला, नव्हे, पश्चिमेला. त्या येरझाऱ्यांत सहा वासरं उन्हाने पडली. तेव्हापासून धोंड्यावर चढणारा ठासून बोलायला लागला. 'बहुतेक', 'वाटतं', 'अजून बघतोय' असले शब्द तिथे कुणी तोंडातून काढायचे नाहीत. म्हातारा गवा जवळच बसलेला असे आणि नियमाची आठवण करून देत असे.

एका फाल्गुनात त्या जंगलात खोकला आला. साधा खोकला नव्हे. आधी एक रानडुक्कर खोकलं, मग चार चितळं, मग सांबरं. छाती भात्यासारखी हलायची आणि दम पुरायचा नाही. आठ दिवसांत दोन म्हातारी जनावरं गेली. मग जंगलाने आजाऱ्यांना डोंगराच्या एका कपारीत वेगळं ठेवलं. दोन साळिंदरं त्यांची सेवा करायला राहिली. तिथे वास फार येई, म्हणून साळिंदरांनी नाकातोंडावर पळसाचं पान बांधून घेतलं. ते पाहून बाकीच्यांच्या मनाने घेतलं की औषध ते हेच असणार, आणि सगळे पळसावर तुटून पडले.

आता फाल्गुनातला पळस तुम्ही पाहिला असेल. लाल फुलांनी पेटलेला, आणि पानाच्या नावाने शून्य. कुठे खोडाशी चार जुनी पानं राहिलेली, तीही ओरबाडली जायला लागली. साळिंदरांना बदलायला पान मिळेना.

तेव्हा मुंगूस धोंड्यावर चढलं. त्याने आजारी जनावरं पाहिली होती. एकाच जागी तोंड लावून पाणी प्यायलेली बरीचशी आजारी पडली होती, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. एवढंच. पण धोंड्यावर ठासून बोलायचं असतं ना? मुंगसाने छाती पुढे काढली आणि सांगून टाकलं, "रोग उष्ट्या पाण्यात आहे. एकमेकांच्या जागी तोंड लावू नका, लांब लांब उभे राहा. पान बांधायची तुम्हाला गरज नाही. पानं सेवा करणाऱ्यांना द्या."

त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. पहिलं अर्धं खरं होतं. आणि 'गरज नाही' हे मधलं वाक्य मुंगसाला माहीतच नव्हतं, तरी ते त्याने माहीत असल्यासारखं सांगितलं.

त्या गर्दीत एक भेकरीण होती. भेकर म्हणजे छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं ते. तिचं पाडस महिन्याचं होतं आणि जन्मापासून त्याची छाती नाजूक. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. भेकरिणीने मुंगसाचा शब्द मुठीत धरल्यासारखा धरला. पाडसाला पाणवठ्यावर आणलंच नाही. स्वतः सर्वांच्या शेवटी, वरच्या अंगाला जाऊन पाणी प्यायची. पाडस कसंबसं, पण दूध पीत होतं, शिट्टी वाजवत होतं.

असा महिना गेला. खोकला मात्र थांबेना. उष्टं पाणी सोडलेलीही खोकू लागली. मुंगूस विचारात पडलं. जगातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असेल, तर आपलंच सांगणं पुन्हा तपासायला बसणं. पण मुंगूस बसलं. कपारीपासून जरा लांब, एका दगडाआड, ते चार दिवस नुसतं बघत राहिलं.

कपारीच्या तोंडाशी सावरीचं झाड होतं. चैत्रात सावरीची बोंडं फुटतात आणि कापूस उडायला लागतो. त्या कापसाची म्हातारी, म्हणजे बी घेऊन उडणारा मऊ झुपका, कपारीत हवेवर तरंगत असे. पहिल्या दिवशी मुंगसाने पाहिलं, डुक्कर खोकलं की कापूस फर्रकन उडतो आणि थेट समोरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. त्या भिंतीशी एक सांबर होतं. पाय मोडला म्हणून चार दिवसांपूर्वी सेवेसाठी तिथे आणून ठेवलेलं, बाकी ठणठणीत. त्याचं पाणीही वेगळं. चौथ्या दिवशी ते सांबर खोकलं! आणि साळिंदरं? ती तर पान बांधून डुकराच्या तोंडाशी वाकून त्याला पाला भरवत होती. ती धडधाकट. एकदा तर मोठ्या साळिंदराने खोकणाऱ्या डुकरालाच पान बांधलं. डुक्कर खोकलं, पण कापूस जागचा हलला नाही.

"अरे देवा," मुंगूस पुटपुटलं. "पाण्याने नव्हे. श्वासाने जातोय. आणि मी काय सांगून बसलो!"

ते बिळाकडे परतत होतं तेवढ्यात भेकरीण धावत आली. तिच्यामागे पाडस धडपडत होतं. "तात्या, पलीकडच्या टेकडीवर धूर दिसतोय. गवत पेटलंय. वारा इकडचाच आहे."

दरवर्षी चैत्रात तिथे वणवा लागायचा, आणि वणवा आला की अख्खं जंगल मोठ्या गुहेत शिरून बसायचं. गुहेभोवती नुसता कातळ, आग तिथवर यायची नाही. पण सगळे एकमेकांना खेटून दोन दिवस, दोन रात्री.

"मला सांगा तात्या," भेकरीण म्हणाली, "मी याला घेऊन आत जाऊ की बाहेर राहू? बाहेर आग आहे. आत येणारे निम्म्याहून जास्त जण घसा खाकरताहेत. तुम्ही म्हणालात म्हणून पाण्यापासून जपलं. आता गुहेत कशापासून जपू?"

मुंगसाने पाडसाकडे पाहिलं. पाडसाने त्याच्या शेपटीला नाक लावून शिट्टी वाजवली.

"आत जा," मुंगूस म्हणालं. "पण त्याआधी मला धोंड्यावर जायला हवं."

वर फांदीवर शिंपीण बसली होती. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारी इवलीशी चिमणी. तिने ऐकलं आणि ती खाली आली. "तात्या, शब्द फिरवणार? मग धोंडा जाईल हो हातचा. एवढ्या वर्षांचा मान."

खरं सांगायचं तर मुंगूस थबकलं. मान कुणाला नको असतो? धोंड्यावर चढलं की गवासुद्धा कान देतो, आणि खाली उतरलं की आपण पुन्हा एवढंसं मुंगूस. पण पाडसाची शिट्टी चालूच होती.

"धोंडा राहू दे बाई," मुंगूस म्हणालं. "तुझी चोच शिवायला किती लवकर चालते ते सांग."

पाणवठ्यावर सगळे जमले होते. धुराचा वास आला होता, म्हणून आधीच घाबरलेले. मुंगूस वर चढलं आणि म्हणालं, "गुहेत जाण्याआधी सगळ्यांनी नाकातोंडावर पान बांधा. मी मागे गरज नाही म्हणालो होतो, ते चुकलं."

मग कोल्हा पोट धरून हसायला लागला. "ऐका हो ऐका! फाल्गुनात पान नको, चैत्रात पान हवं! वैशाखात काय तात्या, शेपटीला बांधू? आणि ज्येष्ठात कानाला? अहो, एकदाच काय ते ठरवा, म्हणजे आम्ही पळसच नेसून बसतो!"

सगळे हसले. भीती वाटत असली की हसू जरा जास्तच येतं.

मुंगूस रागावलं नाही. त्याने सोबत आणलेली कापसाची एक म्हातारी धोंड्यावर ठेवली. "कोल्होबा, जरा इकडे या आणि तेवढंच मोठ्याने पुन्हा हसा."

कोल्ह्याला गर्दीपुढे हसायला काय, निमित्तच हवं होतं. तो आला आणि असा हसला की कापूस उडून थेट गव्याच्या नाकावर बसला. गवा शिंकला. शिंकेबरोबर तो कापूस तीन चितळांवरून पलीकडे गेला.

"आता हे बांधा," म्हणून मुंगसाने शिंपिणीकडून एक पान घेतलं आणि कोल्ह्याच्या तोंडाला घट्ट बांधलं. "हसा."

कोल्हा हसला. पानाआडून नुसतं 'फुप् फुप्' झालं. दुसरी म्हातारी धोंड्यावर होती तिथेच.

आता कुणी हसेना.

"तेव्हा मी पाणी पाहिलं होतं," मुंगूस म्हणालं, "श्वास पाहिला नव्हता. पानंही तेव्हा मोजकी होती, ती सेवा करणाऱ्यांसाठी राखायची होती. तेवढंच सांगून थांबायला हवं होतं. जे मला ठाऊक नव्हतं तेही मी ठाऊक असल्यासारखं बोललो. तो दोष माझा. पण आता चार दिवस डोळ्यांनी बघून सांगतोय. आणि पळसाला नवी पालवीही फुटली आहे, पानं सगळ्यांना पुरतील."

गवा हळूच उठला. "तात्या, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे दादा," असं म्हणून मुंगूस धोंड्यावरून खाली उतरलं आणि गर्दीत सशाशेजारी जाऊन उभं राहिलं.

आता मोठीच पंचाईत झाली. जुना शब्द मोडला होता, आणि नवा शब्द सांगणारा धोंड्यावर उरला नव्हता. मग ऐकायचं कुणाचं? मागून कोल्ह्याने पान खाली ओढून टोमणा मारलाच, "उतरला तो वैद्य, आता ज्याची त्याची मर्जी."

तेव्हा भेकरीण पुढे झाली. धोंड्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. "मी काही वैद्य नाही," ती म्हणाली. "माझं हे पोर बघा. याला पान बांधता येत नाही. बांधलं तर आहे तोही श्वास कोंडतो. म्हणजे याचं रक्षण माझ्या हातात नाही, तुमच्या तोंडावरच्या पानात आहे. तुम्ही बांधलंत तर हे दोन दिवस काढील. नाही बांधलंत, तर मी याला घेऊन आगीच्या बाजूला राहते. तिथे निदान पळता तरी येतं."

भेकरीण गव्यापुढे गेली. "दादा, सगळ्यांत मोठा श्वास तुमचा."

गव्याने धोंड्याकडे पाहिलं, मग पाडसाकडे. "नियम धोंड्याचा आहे," तो म्हणाला. "तोंड माझं आहे. शिंपीणबाई, माझ्या मापाचं होईल का?"

"तुमच्या मापाला सात पानं लागतील," शिंपीण म्हणाली, "आणि हलू नका, सुई टोचेल." तिची सुई म्हणजे चोचच. दोन पानांमध्ये सावरीचा कापूस घालून तिने कोळ्याच्या धाग्याने टाके घातले आणि कानांमागे वेलीने गाठ मारली. एवढ्या मोठ्या गव्याचं ते ध्यान पाहून वानरांची पिल्लं खिदळली, पण गवा मान ताठ ठेवून उभा राहिला. मग सांबरं रांगेत आली, मग डुकरं, मग ससे. शिंपिणीने आपल्या सगळ्या गणगोताला हाका मारल्या. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर नुसत्या चोची चालत होत्या. वानरं पानं आणून देत होती आणि धूर जवळ येत होता.

गुहेतले ते दोन दिवस सोपे गेले असं मी सांगणार नाही. उकाडा असा की पानं आतून ओली व्हायची. नाक खाजायचं, खाजवता यायचं नाही. बाहेर गवत तडतड जळत होतं. आजाऱ्यांना सगळ्यांत आत, एका बाजूला ठेवलं होतं, त्यांनाही पानं बांधलेली. पाडसाला भेकरिणीने गुहेच्या तोंडाशी, वाऱ्याकडे घेतलं, आणि गवा त्या दोघांना पाठीशी घालून आतल्या बाजूला उभा राहिला. कोल्ह्याने तोंड झाकलं, पण नाक बाहेर. शिंपीण येऊन त्याच्या नाकावर चोच मारून गेली. "अहो, दार लावून खिडकी उघडी ठेवता होय?"

"जीव गुदमरतो हो काकू!"

"त्या पोराचा जीव जन्मापासून गुदमरतोय. घ्या वर."

कोल्ह्याने पान वर घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा खाली आणलं. पुन्हा चोच बसली. असं दोन दिवस चाललं.

वणवा विझला, सगळे बाहेर पडले. आणि मग वाट बघणं सुरू झालं. खोकला लगेच कळत नाही, आठवडा जावा लागतो. भेकरीण रोज सकाळी पाडसाच्या छातीला कान लावायची. तिसरा दिवस, पाचवा दिवस. सहाव्या दिवशी तीन जण खोकले, दोन चितळं आणि आपला कोल्हा. पानाने सगळं अडवलं नाही, पोरांनो, खोटं कशाला सांगू. पण वणव्याआधीच्या आठवड्यात तीस खोकले होते, आता तीन. आठवा दिवस गेला, दहावा गेला. पाडसाच्या छातीत तीच जुनी बारीक शिट्टी होती. नवं काहीच नव्हतं. भेकरीण त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.

मुंगूस कपारीत जाऊन कोल्ह्याला काढा पाजत होतं. कोल्हा क्षीण आवाजात म्हणाला, "तात्या, शेपटीला बांधायचं म्हणालो होतो, ते मागे घेतो."

"घे," मुंगूस म्हणालं. "शब्द मागे घेतल्याने कुणी खाली पडत नाही. मी बघ, उतरलो तरी आहेच की." दोघेही हसले. कोल्ह्याने हसताना पान सांभाळलं. पंधरवड्यात तो बराही झाला.

वैशाखात एके दिवशी गवा सगळं जंगल घेऊन मुंगसाच्या बिळापाशी आला. "तात्या, धोंड्यावर चला."

"आणि नियम?"

"नियमाचाच आम्ही इतके दिवस विचार केला," गवा म्हणाला. "मी म्हातारा झालो, पण आंधळा नाही. त्या दिवशी तुम्ही शब्दाला चिकटून बसला असता, तर नियम राहिला असता आणि हे पोर गेलं असतं. आता असं ठरलंय. वर चढणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या. काय पाहिलं, काय अजून पाहिलं नाही, आणि पुन्हा कधी बघणार. मग बदललं तरी कुणी उतरवायचं नाही. फक्त का बदललं ते सांगायचं. धनेशाने ते सांगितलं नव्हतं, चूक तिथे झाली होती."

मुंगूस वर चढलं. घसा साफ केला. "मी पाहिलं की उघड्या माळावर, वारा असताना, कापूस कुणाच्या नाकाशी पोचत नाही. तेव्हा चरताना पानं सोडली तरी चालेल. गुहेत, कपारीत आणि पाणवठ्याच्या गर्दीत बांधायची. पावसाळी हवेत काय होतं ते मी अजून पाहिलेलं नाही. आषाढात पुन्हा बघेन आणि सांगेन."

"म्हणजे बदललंतच पुन्हा!" कोल्हा खालून ओरडला.

"बदललं."

"बरं केलंत," कोल्हा म्हणाला, "माझं नाक मोकळं झालं," आणि त्याने सगळ्यांच्या आधी माळाकडे धूम ठोकली.

बाकीचेही पानं सोडून माळावर पांगले. भेकरिणीचं पाडस आईला सोडून चार पावलं पुढे गेलं, वणव्यानंतर फुटलेल्या कोवळ्या गवताचा वास छातीत भरून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत भुंकलं. भेकर भुंकलं म्हणजे वाघ आला, हे जंगलात तान्ह्या पोरालाही ठाऊक. गवा, सांबरं, डुकरं, कोल्हा, सगळे शेपट्या वर करून झाडीत घुसले. माळावर उरली एकटी भेकरीण. ती जागची हलली नाही. तिने पाडसाला चाटलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

तात्पर्य : जास्त कळलं म्हणून आपलं सांगणं बदलणाऱ्याला खोटा ठरवू नये, त्याने काय पाहिलं ते विचारावं, आणि सांगणाऱ्यानेही आपल्याला किती ठाऊक नाही, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावं.